नव्या प्रतिजैविकाची दुसरी कसोटी

नवे प्रतिजैविक बाजारात येते तेव्हा त्याची एक कसोटी पार पडलेली असते. ज्या संशोधनशाळेत ते सिद्ध झाले तेथे निरनिराळ्या रोगजंतूंवर ते वापरून पाहिलेले असते. प्राण्यांवर त्याचे प्रयोग झालेले असतात. आणि शेवटी रुग्णांवर चाचणी घेऊन शासनाने त्यास परवानगी दिलेली असते. या कसोटीचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु तिच्यानंतर आणखी एक कसोटी शिल्लक राहते, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ज्या गावी ते औषध वापरावयाचे त्या गावच्या रुग्णांत आढळणाऱ्या जंतूंवर ते चालते की नाही, ही ती दुसरी कसोटी होय. ती मुंबईस किंवा दिल्लीस झाली एवढ्याने जबलपूरची जबाबदारी संपत नाही. जबलपूरच्या जंतूंची परीक्षा जबलपुरातच झाली पाहिजे, तिचा निकाल दरवर्षी प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि तो हाती असल्यावाचून नवे औषध सरसकट वापरले जाता कामा नये, हे येथील प्रतिपादन आहे.

पहिली परीक्षा

प्रतिजैविकाची परीक्षा कशी असावी याचा पहिला धडा पेनिसिलिनच्या इतिहासातच सापडतो. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये एका बशीवर उगवलेल्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पुढे त्यांनी काय केले हे मात्र कमी सांगितले जाते. जंतू वाढविण्याच्या आगरात त्यांनी एक चर कापला, त्यात बुरशीचा रस भरला आणि चराच्या काठापासून निरनिराळ्या जातींच्या जंतूंच्या रेघा ओढल्या. पू निर्माण करणारे स्टॅफिलोकॉकस, घशाचे स्ट्रेप्टोकॉकस, न्यूमोनियाचे न्यूमोकॉकस आणि घटसर्पाचे जंतू चराजवळ वाढले नाहीत. आतड्यातील कोलाय आणि विषमज्वराचे जंतू मात्र थेट चरापर्यंत वाढले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या दोन्ही याद्या आहेत. औषध कोणास मारते हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच ते कोणास मारीत नाही हे सांगणेही आवश्यक, हा दंडक त्या निबंधाने घालून दिला.

पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी पेनिसिलिन शुद्ध करण्याचे काम हाती घेतले. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसची मारक मात्रा टोचली आणि त्यांपैकी चारांनाच पेनिसिलिन दिले. उजाडण्यापूर्वी औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषध मिळालेले चारही जिवंत होते. या प्रयोगातील अर्धे उंदीर उपचाराविना ठेवले होते म्हणूनच तो पुरावा ठरला. त्याच वर्षी, पेनिसिलिनचा नाश करणारा पदार्थ काही जंतू स्वतःच तयार करतात, असेही चेन आणि अब्राहम यांनी दाखवून दिले. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याला हरविणारी शक्ती प्रयोगशाळेत दिसून आली होती.

परीक्षेची रीत

आज जगभर रूढ असलेली साधी रीत अमेरिकेतील बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणबद्ध केली. रुग्णाच्या रक्तातून, लघवीतून अथवा पुवातून जंतू वेगळे काढून त्यांचे ठराविक गढूळपणाचे द्रावण करतात आणि ते मुलर-हिंटन नावाच्या आगरावर सारखे पसरतात. त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवून सुकविलेल्या सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात. बशी ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत सोळा ते अठरा तास राहिली म्हणजे ज्या चकतीचे औषध प्रभावी ठरले तिच्याभोवती जंतुरहित वलय दिसते. वलयाचा व्यास मोजून तो त्या औषधाच्या व त्या जंतूच्या प्रमाणित तक्त्याशी ताडून पाहतात.

रीत साधी असली तरी तिच्यात चूक होण्यास पुष्कळ वाव आहे. आगराचा थर चार मिलिमीटर असावा लागतो. तो पातळ झाला तर वलय फसवे मोठे दिसते. जंतूंचे द्रावण दाट झाले तर वलय लहान होते. चकत्या थंड जागी ठेवाव्या लागतात. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी वीज गेली आणि शीतपेटी उबदार झाली तर पेनिसिलिनच्या कुळातील औषधांच्या चकत्या निकामी होतात, आणि जो जंतू औषधाने मेला असता तोही प्रतिकारक्षम असल्याचे खोटे उत्तर मिळते. म्हणून रुग्णाच्या जंतूंबरोबर ज्यांचे वर्तन आधीच ठाऊक आहे अशा प्रमाणित जंतूंचीही परीक्षा घेण्याचा नियम आहे. प्रमाणित जंतूचे वलय ठरलेल्या मर्यादेत आले नाही तर त्या दिवसाचे निकाल बाद समजले पाहिजेत.

दोन औषधांच्या वलयांची परस्परांशी तुलना करणे हीदेखील एक सर्रास होणारी चूक आहे. ज्या औषधाचे रेणू मोठे ते आगरात सावकाश पसरते आणि त्याचे वलय लहान पडते. एवढ्यावरून ते दुर्बल ठरत नाही. कोलिस्टिन हे अखेरचे अस्त्र म्हणून राखून ठेवलेले औषध आगरात इतके वाईट पसरते की त्याच्यासाठी चकतीची रीत भरवशाची मानली जात नाही. तेथे दुसरी रीत वापरावी लागते. औषधाची मात्रा दर नळीत निम्मी करीत जावयाचे आणि ज्या सर्वांत कमी मात्रेत जंतूंची वाढ थांबते ती नोंदवावयाची. हिला किमान निरोधक मात्रा म्हणतात. नव्या प्रतिजैविकाचे मोल ठरविताना हाच आकडा पायाभूत धरला जातो.

बशीतील यश आणि देहातील यश

प्रयोगशाळेच्या कसोटीची बाजू मांडताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जर्मनीतील डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल या लाल रंगाच्या औषधाचा शोध प्रसिद्ध केला. हे औषध काचनळीतील जंतूंचे काहीच बिघडवीत नसे, परंतु रोगी उंदीर मात्र त्याने बरे होत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्याच वर्षी या कोड्याचा उलगडा केला. देहात गेल्यावर त्या रंगाचे विघटन होऊन सल्फॅनिलमाइड हे खरे औषध मोकळे होत असे. केवळ काचनळीच्या साक्षीवर विसंबून राहिले असते तर एक मोठे औषध टाकून दिले गेले असते.

याच्या उलट उदाहरण विषमज्वराचे आहे. त्याचे जंतू बशीवर जेंटामायसिनने सहज मरतात. पण रुग्णाच्या देहात ते पेशींच्या आत दडून बसतात आणि तेथे हे औषध परिणामकारक रीतीने पोहोचत नाही. म्हणून बशीवर वलय कितीही मोठे दिसले तरी विषमज्वरात जेंटामायसिन प्रभावी असल्याचा अहवाल प्रयोगशाळेने देऊ नये असा नियम आहे. यावरून एवढेच ठरते की, बशीतील यश हे देहातील यशाचे आश्वासन नव्हे. मात्र बशीतच जे औषध हरले ते त्याच जंतूविरुद्ध रुग्णाला द्यावयाचे तर त्यास सबळ कारण असले पाहिजे. कसोटी अपुरी आहे म्हणून ती अनावश्यक ठरत नाही.

महाराष्ट्रातील दोन औषधे

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला. तेथील थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे प्रतिजैविक मिळविले आणि १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. हे औषध बुरशीजन्य रोगांवरचे होते. जंतुजन्य रोगांसाठी ते नव्हते. त्याची उपयुक्तता ही मर्यादा स्पष्ट झाल्यामुळेच निश्चित झाली. देशी औषध म्हणून ते सर्व रोगांवर खपविण्याचा मोह धरला गेला असता तर औषधाचे नाव गेले असते आणि रुग्णांचे प्राणही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील नवे प्रतिजैविक नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीने केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ते विकसित केले. ते दिवसातून एकदा, असे तीनच दिवस घ्यावयाचे असते. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे परिचित औषध जंतूच्या प्रथिने बनविणाऱ्या रायबोसोमला ज्या ठिकाणी चिकटते ते ठिकाण पुष्कळ न्यूमोकॉकस जंतूंनी बदलून टाकले आहे. नवे औषध त्याच रायबोसोमला एकाहून अधिक ठिकाणी धरते, आणि म्हणून जुन्या औषधास न जुमानणाऱ्या जंतूंवरही ते चालते. ही कामगिरी अभिमानास्पद आहे यात शंका नाही.

पण हेच औषध लघवीच्या विकारात आढळणाऱ्या कोलाय जंतूंवर, अथवा रुग्णालयात पसरणाऱ्या क्लेब्सिएलावर उपयोगी पडावयाचे नाही. त्याचे ते क्षेत्रच नव्हे. खोकला आला की अ‍ॅझिथ्रोमायसिन घेण्याची जी सवय गावोगाव जडली आहे तीच उद्या नव्या औषधाच्या वाट्यास आली, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल. बहुतेक खोकले विषाणूंमुळे येतात. त्यांवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही, आणि ते आपोआप बरे होतात. श्रेय मात्र औषधास मिळते. दरम्यान घशातील निरुपद्रवी जंतू प्रतिकार शिकतात, आणि तो पुढे रोगजंतूंस देऊही शकतात.

जबलपूरचे जंतू

जबलपूर हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातील शहर होते. मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट या जिल्ह्यांतील गोंड, बैगा व इतर कुटुंबांस मोठ्या दुखण्यात आजही जबलपूरची वाट धरावी लागते. सिवनी, बालाघाट व छिंदवाडा येथील पुष्कळ रुग्ण नागपुरासही जातात. जंतू राज्याची सीमा ओळखीत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न विदर्भाचाही आहे.

या शहरात तीन संस्था अशा आहेत की, त्या एकत्र आल्या तर दुसऱ्या कसोटीचे काम उत्तम होऊ शकेल. पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले, वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यावरील संशोधन संस्था १९८४ मध्ये. या शेवटच्या संस्थेच्या संशोधकांनी मध्य प्रदेशातील सहारिया जमातीत क्षयरोगाची पाहणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत श्योपूर जिल्ह्याच्या कराहल भागात दर लाखामागे दीड हजारांहून अधिक माणसांस फुप्फुसाचा क्षय असल्याचे आढळले. देशाच्या सरासरीकडे पाहून हा आकडा कोणासही सुचला नसता. तो तेथे जाऊन, थुंकीची तपासणी करून, जंतू वाढवूनच मिळाला.

क्षयरोगाच्या बाबतीत देशाने एक गोष्ट मान्य केली आहे. २०१७ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय योजनेत प्रत्येक क्षयरुग्णाच्या जंतूंची औषधांविरुद्ध परीक्षा व्हावी असे उद्दिष्ट ठेवले गेले. क्षयाचे जंतू घन माध्यमावर वाढण्यास कित्येक आठवडे घेतात, तरीही ही परीक्षा आवश्यक मानली गेली. मग जे जंतू एका रात्रीत वाढतात त्यांची परीक्षा घेणे अशक्य कसे म्हणावे?

इतर जंतूंसाठीही राष्ट्रीय पातळीवर आकडे गोळा होतात. वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ मध्ये यासाठी रुग्णालयांचे जाळे उभारले. त्याच्या अहवालांनुसार इमिपेनेम या बलवान औषधाने मरणाऱ्या क्लेब्सिएला जंतूंचे प्रमाण २०१६ मध्ये शेकडा ६५ होते, ते २०२१ मध्ये ४३ वर आले. हे आकडे गंभीर आहेत. परंतु ते मुख्यतः मोठ्या रुग्णालयांतील, अनेक औषधे घेऊन झालेल्या रुग्णांचे आहेत. मंडल्याच्या गावातून प्रथमच तापाची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या जंतूंस ते जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. तिच्या जंतूंवर कदाचित साधे, स्वस्त औषधही पुरेल. आणि तिला महागडे नवे औषध दिल्याने तिचे पैसे व देशाचे औषध ही दोन्ही वाया जातील. उलट बाळंतपणासाठी रुग्णालयात राहिलेल्या स्त्रीच्या नवजात अर्भकास जो जंतू लागेल तो सर्व जुन्या औषधांस पुरून उरणारा असू शकेल, आणि तेथे साध्या औषधावर दोन दिवस घालविणे म्हणजे अर्भक गमावणे होय. नागपूरचे पर्जन्यमान पाहून जबलपूरचा शेतकरी पेरणी करीत नाही; दुसऱ्या शहराच्या आकड्यांवरून येथील औषध ठरविणेही तितकेच अयोग्य आहे.

या कामात पशुवैद्यकाचे स्थान दुय्यम नाही. जबलपूरच्या आसपास, विशेषतः परियट नदीच्या काठी, मोठ्या संख्येने दुग्धशाळा आहेत. ज्यास गोपालक दगडी म्हणतात त्या कासेच्या रोगावर जनावरांस प्रतिजैविके दिली जातात, आणि माणसांस दिल्या जाणाऱ्या औषधांच्याच कुळांतील ती असतात. गोठ्यातील जंतूंची परीक्षा झाली नाही तर चित्राचा अर्धा भाग कोराच राहील. शिवाय एक व्यावहारिक सोय आहे. न्यूमोकॉकस वाढविण्यास मेंढीचे रक्त घातलेले आगर लागते. मेंढीचे रक्त मिळत नाही म्हणून रक्तपेढीतील मुदत संपलेले मानवी रक्त वापरणे योग्य नव्हे, कारण त्यातील प्रतिद्रव्यांमुळे जंतूंची वाढ रोखली जाऊ शकते, आणि न्यूमोनियाचा जंतू असूनही नसल्याचा अहवाल जातो. पशुवैद्यकीय महाविद्यालयाने मेंढ्यांचा छोटा कळप ठेवून शहरातील प्रयोगशाळांस रक्त पुरविले तर न्यूमोनियाच्या नव्या औषधाची कसोटी घेणे शक्य होईल. त्यावाचून ती होणार नाही.

काही आक्षेप

या सूचनेवर पहिला आक्षेप विलंबाचा घेतला जातो. रक्तात विष भिनलेला रुग्ण दोन दिवस थांबू शकत नाही, हे खरे आहे. त्यास पहिली मात्रा तात्काळच दिली पाहिजे. परंतु ती कोणत्या औषधाची असावी हे ठरविण्यास गेल्या वर्षीचा गावचा तक्ता हाच सर्वांत चांगला आधार होय. आणि औषध देण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेऊन ठेवला असेल तर दोन दिवसांनी निकाल पाहून ते बदलता येते. परीक्षा आणि तातडी यांत विरोध नाही. नमुना आधी घेण्याची शिस्त तेवढी हवी.

दुसरा आक्षेप असा की, अनुभवी वैद्यास रुग्ण पाहताच औषध सुचते. वैद्याच्या अनुभवाचा मान राखलाच पाहिजे. पण जे रुग्ण बरे होतात ते औषधाने की आपोआप, आणि जे परत येत नाहीत ते बरे झाले की अन्यत्र गेले, हे अनुभवास कळत नाही. ते मोजून ठेवावे लागते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो सर्वांत विचारार्ह आहे. प्रशिक्षित तंत्रज्ञ, अखंड वीज, प्रमाणित जंतू आणि चांगल्या चकत्या यांवर दरवर्षी पैसा लागतो. तथापि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज आंतरराष्ट्रीय संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. नवी प्रतिजैविके शोधण्यास दशके लागतात. ती निकामी होण्यास काही वर्षे पुरतात. प्रयोगशाळेचा खर्च हा औषध जपण्याचा खर्च आहे.

काय केले पाहिजे

मध्य प्रदेश शासनाने २०१९ मध्ये या विषयाचा कृती आराखडा जाहीर केला. २०१४ पासून निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध-विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. म्हणजे आराखडा आहे, कायदाही आहे. या दोहोंच्या जोडीस शहराचा स्वतःचा तक्ता हवा. तिन्ही संस्थांनी एकाच रीतीने परीक्षा घ्याव्यात. एका रुग्णाचा जंतू वर्षात एकदाच मोजावा, नाहीतर दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेले थोडे रुग्ण सारा तक्ता बिघडवितात. एखाद्या जातीचे किमान तीस जंतू तपासून झाल्याखेरीज तिचे शेकडा प्रमाण छापू नये. रुग्णालयातील, गावातील आणि गोठ्यातील जंतू वेगवेगळे दाखवावेत. नव्या औषधाचा रकाना पहिल्या वर्षापासून ठेवावा, म्हणजे त्याचा प्रभाव ओसरू लागला तर ते वेळीच दिसेल. आणि निकाल औषधास प्रतिकूल आला तरी तो लपवू नये. फ्लेमिंग यांची दुसरी यादी पहिलीइतकीच मोलाची होती.

असा तक्ता एका पानावर मावतो. तो जिल्ह्यातील प्रत्येक दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि सार्वजनिक वाचनालयात लावता येईल. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे तेथील विद्यार्थ्यांस तो समजावून देणे शिक्षकास अवघड नाही. औषध मागण्यापूर्वी आपल्या गावी ते कोणत्या जंतूवर चालते असे विचारण्याची सवय नागरिकांस लागली, तर नव्या प्रतिजैविकाचे आयुष्य वाढेल, आणि त्याच्या भरवशावर असलेल्या रुग्णांचेही.